कामगार कट्टा: युनियनची बातमी एचआरला कोणी दिली?

या वेळची पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज बहुतेक एकाच विषयावरचे आहेत, युनियन करायचं नुसतं मनात आलं तरी कंपनीला आधी कळतं आणि मग सुरू होतं ते सगळं. कंपन्यांची नावं छापत नाही, लिहिणाऱ्यांचीही नाही, कारण उघड आहे. मी वकील नाही बरं का, नाशिकच्या सातपूरला एकतीस वर्षं मशीनवर काढली आणि त्यातली वीसेक युनियनच्या कमिटीत, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

प्रश्न: काका, अंबडला आमची गाड्यांचे पार्ट बनवायची कंपनी आहे. परमनंट ६२, कॉन्ट्रॅक्टची पोरं धरून १४० जण. दोन वर्षं पगारवाढ नाही, ओव्हरटाइम सिंगल रेटने देतात. आम्ही बारा जण रविवारी पाथर्डी फाट्याला चहाच्या टपरीवर बसलो आणि युनियन करायचं ठरवलं. सोमवारी फर्स्ट शिफ्टला आत गेलो तर साडेनऊच्या आत आमच्यातल्या चौघांना एचआरने केबिनमध्ये बोलावून घेतलं. आता सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात. काही पोरं म्हणतात की उद्याच गेटवर झेंडा लावू, काम बंद करू, होऊन जाऊ दे एकदाचं. काय करू?
एक कामगार, अंबड

उत्तर: भाऊ, बातमी कोणी फोडली हे शोधायचं आधी सोडून दे. बारा जण टपरीवर मोठमोठ्याने बोलले, शेजारच्या बाकड्यावर कोण बसलं होतं ते कोणी पाहिलं? कोणाचा तरी मेहुणा स्टोअरमध्ये असतो, कोणाचा तरी रूममेट सुपरवायझरच्या गावचा असतो. आणि चौघांनाच का बोलावलं, बाराही का नाही, याचा विचार कर. आठ जणांनी चौघांवर संशय घ्यावा आणि चौघांनी आठांवर, एवढ्यासाठीच. बोलावलेल्या चौघांतल्या कोणी काही सांगितलं नसेल तरी तो केबिनमधून वीस मिनिटांनी बाहेर आला की बाकीच्यांच्या नजरा बदलतात. ती वीस मिनिटं त्याला चहा पाजून नुसतं बसवून ठेवलं असेल तरी एचआरचं काम झालं. माझ्यासोबतही हे झालंय, आत मला विचारलं काय तर मुलीची दहावी कशी चाललीय, आणि बाहेर आलो तर माझाच दोस्त डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

आता झेंड्याचं. उद्या अजिबात लावू नका, आणि काम तर बंद करूच नका. संप करायला आधी १४ दिवसांची नोटीस लागते, आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही (युनियनला मान्यता द्यायचा आणि अनुचित प्रथा रोखायचा तो) होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने जी औद्योगिक संबंध संहिता लागू केली तिच्यातही आहे. नव्या संहितेत तर निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकली तरी तो संपच धरतात. बेकायदा संपाला कामगाराला १ हजार ते १० हजार दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही तापलात की कंपनीला जे हवं ते आयतं मिळालं, मग पगारवाढ राहिली बाजूला आणि वर्तमानपत्रात बातमी येणार की कामगारांनी बेकायदेशीर काम थांबवलं.

मग करायचं काय? सभासद वर्गणीचं पावतीपुस्तक. हसू नको. युनियन रजिस्टर करायला कमीत कमी सात जण लागतात आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद. तुमच्याकडे १४० आहेत म्हणजे १४. आज तुम्ही बारा आहात, दोन कमी, म्हणजे तू गेटवर झेंडा लावतोयस पण रजिस्ट्रारच्या टेबलावर ठेवायला तुझ्याकडे अजून कागदच नाही! पुढचा टप्पा मान्यतेचा, म्हणजे कामगारांच्या वतीने कंपनीशी बोलायचा हक्क मिळवायचा. १९७१ च्या कायद्यात ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात मागच्या सलग सहा महिन्यांत ३० टक्के सभासद दाखवावे लागतात. मागच्या सहा महिन्यांत, हे नीट वाच. आजची गर्दी कोणी मोजत नाही, सहा महिन्यांच्या पावत्या मोजतात. आणि नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा ज्या युनियनला तिच्याशीच कंपनी बोलणी करते, तसं कोणालाच नसेल तर २० टक्केवाल्यांची मिळून कौन्सिल. आता बघ, पॉकेट युनियन, म्हणजे मालकाच्याच खिशातली, काय कामाला येते ते. पूर्वी मालक दुसरी युनियन उभी करायचा ती भांडणं लावायला, आता दुसरी युनियन आली की तुझी पास व्हायची रेषाच वर सरकते.

तमिळनाडूतलं सॅमसंगचं प्रकरण आठवत असेल. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ ला संप सुरू झाला, महिन्याच्या वर चालला, हजाराच्या वर कामगार बाहेर बसले. भांडण पगाराचंही होतं पण खरा गुंता युनियनच्या नोंदणीचा. युनियनच्या नावात कंपनीचं नाव आहे म्हणून कंपनीने हरकत घेतली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि नोंदणी झाली ती २७ जानेवारी २०२५ ला. एवढी मोठी कंपनी, एवढे कामगार, मागे जुनी मुरलेली संघटना, आणि अडलं कुठे तर नोंदणीच्या कागदावर. हा मधला काळच वाईट असतो, कुजबुज सुरू झाल्यापासून सर्टिफिकेट हातात येईपर्यंतचा. कंपनीला जे काही मोडायचं ते ती याच काळात मोडते, कारण नंतर मोडणं महाग पडतं.

या काळात काय काय होईल ते सांगून ठेवतो म्हणजे घाबरणार नाहीस. एखाद्याला अचानक दुसऱ्या गावच्या प्लांटला बदली. एखाद्याला चार्जशीट, मशीनजवळ मोबाईल वापरला म्हणून, जो साहेब लोक रोज वापरतात. आणि एखाद्या दिवशी, दोन वर्षं न झालेली पगारवाढ एकदम जाहीर होईल, पेढे पण वाटतील. हे शेवटचं लोकांना कळत नाही पण १९७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ते स्पष्ट लिहिलंय, युनियन उभी राहायच्या ऐन वेळी ती मोडायच्या हेतूने पगार वाढवणं हीसुद्धा अनुचित प्रथा. युनियनमध्ये गेलास तर काढून टाकू म्हणणं, युनियन केली तर कंपनी बंद करू म्हणणं, मालकाने स्वतःची युनियन उभी करणं, सगळं त्याच यादीत आहे. नव्या संहितेतही अनुचित प्रथांची अशीच यादी आहे, आता कुठलं कलम लावायचं ते वकिलाला ठरवू दे, तू तारखा सांभाळ. १९७१ च्या कायद्यात तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, ती डोक्यात ठेवून चाल.

तारखा सांभाळ म्हणतो ते उगाच नाही. नव्वदच्या दशकात मला चार्जशीट आली, अमुक तारखेला सेकंड शिफ्टला रात्री साडेनऊ वाजता सुपरवायझरला शिवीगाळ केली म्हणून. इन्क्वायरी ऑफिसर कंपनीचाच वकील, साक्षीदार दोन, दोघांनी घडाघडा पाठ म्हटलं. माझ्या खिशात छोटी डायरी असायची, दुधाचा हिशोब, शिफ्ट, कोणाला उसने दिले असलं सगळं तिच्यात. त्या आठवड्यात मी फर्स्ट शिफ्टला होतो! पंच कार्ड कंपनीने दाखवलं नाही, हरवलं म्हणाले, पण कॅन्टीनच्या कुपनांवर शिफ्टचा शिक्का असायचा आणि दोन कुपनं डायरीच्या कव्हरमध्ये तशीच राहिली होती. चार वर्षं लागली, पण परत आत गेलो. तेव्हा भाऊ, एक वही कर, रोज दोन ओळी लिही, कोणी बोलावलं, किती वाजता, काय म्हणाले, सोबत कोण होतं.

आणि ओव्हरटाइमचं वेगळं काढ. तो डबलनेच द्यावा लागतो, त्याला युनियन लागत नाही, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे साधा तक्रार अर्ज जातो. हा प्रश्न असा आहे की झेंड्याला घाबरणारा माणूसही याच्यावर सही करतो. तुला दोनच माणसं कमी आहेत ना, ती इथून मिळतील.

प्रश्न: माझे मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, युनियनच्या कामात पडलेत. गेल्या आठवड्यात दुपारी मला कंपनीतून फोन आला, वहिनी म्हणाले, तुमचे मिस्टर चुकीच्या लोकांत बसतात, घराचा हप्ता चालू आहे ना, जरा समजवा. दोन दिवसांनी चोपड्याहून चुलत सासऱ्यांचा फोन, त्यांनाही कोणीतरी सांगितलेलं. मिस्टरांना मी हे अजून सांगितलेलं नाही, घरात वाद नको म्हणून. मला खरंच भीती वाटते.
एक गृहिणी, सिडको

उत्तर: ताई, आधी आज रात्री जेवणं झाली की मिस्टरांना सांगा. तुम्ही सांगितलं नाही हेच त्या फोनचं यश आहे. आमच्या वेळी फोन नव्हते तर सिक्युरिटीचा माणूस घरी यायचा, दारात उभा राहून पाणी मागायचा आणि जाताना हळूच बोलून जायचा. माझ्या आईला त्याने सांगितलं होतं की पोरगा दारू पितो. मी सुपारीसुद्धा खात नव्हतो, पण आई महिनाभर माझ्या तोंडाचा वास घ्यायची.

हप्त्याची त्यांना माहिती कशी, तर कर्जासाठी पगाराचा दाखला कंपनीनेच दिलेला असतो. म्हणजे ज्या कागदाने घर मिळालं त्याच कागदाने भीती घालायची. फोन आला तो नंबर, तारीख, वेळ आणि शब्द न शब्द लिहून ठेवा, पुन्हा आला तर रेकॉर्ड करा, आणि एवढंच म्हणा की काय असेल ते त्यांच्याशी लेखी बोला. भांडू नका, रडू नका, समजावते असंही म्हणू नका. आणि घरी कोणी कागद घेऊन आलं तर सही मिस्टरांची असो की तुमची, करायची नाही, कोऱ्यावर तर नाहीच. बरेचदा चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र म्हणून जे देतात त्यात खाली मी आधी गैरवर्तन केलं होतं अशी कबुली लपलेली असते.

सगळ्यात वाईट काय होईल असं विचाराल तर सस्पेन्शन. तेव्हाही पगार पूर्ण थांबत नाही, चौकशी होईपर्यंत पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी लांबली आणि दोष कामगाराचा नसला तर पुढे ७५ टक्के. निम्म्या पगारात हप्ता आणि किराणा कसा बसतो ते आत्ताच एकदा दोघांनी कागदावर मांडून बघा. मांडल्यावर भीती जात नाही पण तिला आकडा मिळतो, आणि चोपड्याच्या काकांना मी सांगतो तेच सांगा, पोरगा चोरी करत नाहीये.

प्रश्न: सिन्नर एमआयडीसीत सहा वर्षं आहे. ठेकेदार तीनदा बदलला, माझं मशीन तेच, ड्रेस तोच, गेटपासवरचं नाव तेवढं बदलतं. परमनंटवाल्यांची युनियन आम्हाला घेत नाही, म्हणतात तुमचा मालक वेगळा. आम्ही वेगळी करू शकतो का?
कॉन्ट्रॅक्ट कामगार

उत्तर: करू शकता, ठेक्यावरचा कामगारही कामगारच आहे, राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये संघटना करायचा हक्क देताना गेटपासचा रंग विचारलेला नाही. तुम्हाला न घेणाऱ्या युनियनबद्दल मात्र मला थोडं कडू बोलायचंय. आमच्या पिढीने हे पाप केलंय. दर तीन वर्षांनी करार करायचे, परमनंटला घसघशीत वाढ, पेढे, गुलाल, आणि त्याच लाईनवर शेजारी उभ्या पोराला काहीच नाही. मॅनेजमेंट मान्य करायची कारण त्यांनी तेव्हाच ठरवलेलं होतं की पुढची भरती परमनंट करायचीच नाही. आता बऱ्याच ठिकाणी परमनंट मूठभर उरलेत आणि ३० टक्के कुठून आणायचे म्हणून डोकं धरून बसलेत.

पण कोर्टाचा रस्ता तुझ्यासाठी लांबचा आहे, ते आधीच सांगतो म्हणजे कोणी सहा महिन्यांत परमनंट करून देतो म्हणत पैसे घेतले तर फसू नको. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की ठेका बंद केला म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीत जात नाहीत, ठेका नुसता कागदावरचा आहे हे सिद्ध करावं लागतं. त्याच वर्षी सिप्लाच्या खटल्यात असंही आलं की कंपनी तू माझा कामगारच नाहीस म्हणत असेल तर १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार चालत नाही, आधी नातं ठरवून घ्यावं लागतं. म्हणून पुरावा त्या नात्याचा गोळा कर. सुट्टी कोण मंजूर करतं, शिफ्टची यादी कोणाच्या सहीने लागते, काम शिकवलं कोणी, रिजेक्शन झालं की ओरडतं कोण? ठेकेदाराचा माणूस महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशीच दिसत असेल तर तेही लिहून ठेव. मोबाईलवर पीएफचं पासबुक उघड, यूएएन (पीएफचा तुझा नंबर) एकच असेल तर तिन्ही ठेकेदारांची नावं महिन्यांसकट एकाखाली एक दिसतील, स्क्रीनशॉट काढून घरच्या माणसाला पाठवून ठेव. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो, हे तर आजच्या आज सांगून टाक सगळ्यांना.

प्रश्न: तुमचं सदर मी नेहमी वाचतो, माझं सातपूरला छोटं युनिट आहे, २८ माणसं. तुम्ही पोरांना भडकवता असं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या गाडीतून एक नेता आला, माझ्या माणसांना गेटवर बसवलं, मला वेगळं बोलावून आकडा सांगितला. आम्ही कोणाकडे जायचं?
एक लघुउद्योजक

उत्तर: साहेब, पांढरी गाडी मीही ओळखतो आणि तिच्यापायी आमचंच जास्त नुकसान झालंय. तो आकडा सांगतो तेव्हा रेकॉर्ड करून पोलिसात जा, ती खंडणी आहे. युनियनवरही बंधनं आहेतच, १९७१ च्या कायद्यात त्यांच्या अनुचित प्रथांची वेगळी अनुसूची आहे, घेराव, मुद्दाम काम हळू करणं, जबरदस्तीने सभासद करणं, सगळं तिच्यात आहे आणि मालक तक्रार करू शकतो. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि अडीच लाख संसार त्यात होरपळले, ते बघितलेला माणूस संपाचं नाव हलकेपणी घेत नाही.

पण भडकवतो म्हणालात म्हणून दोन गोष्टी. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी १९२० मध्ये बी. पी. वाडियांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता, युनियन चालवली म्हणून. कोर्टाने मनाईहुकूमही दिला. त्यावरून आपले कामगार नेते ना. म. जोशी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात उभे राहिले आणि पाच वर्षांनी १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. म्हणजे दावा लावून युनियन मोडायला गेले आणि देशाला युनियनचा कायदा मिळाला! आणि तुमच्या युनिटला रविवारी कुलूप असतं ना, त्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना घेऊन झगडले होते, १० जून १८९० ला ती मंजूर झाली. त्यांनाही भडकवणारेच म्हणत असतील.

तुमच्याकडे २८ माणसं, म्हणजे १९७१ च्या मान्यतेत तुम्ही बसतच नाही. पे-स्लिप वेळेवर द्या, पीएफ भरा, आणि महिन्यातून एकदा माणसांसोबत बसा, सुपरवायझरला बाहेर पाठवून. पांढऱ्या गाडीला तुमच्या गेटवर जागा कोणी दिली याचं उत्तर तिथे ऐकू येईल. आवडणार नाही कदाचित.

प्रश्न: काम तेच करतो पण मला आणि अजून नऊ जणांना कंपनीने एक्झिक्युटिव्ह केलं, पगार ८०० रुपये वाढला. आता म्हणतात तुम्ही स्टाफ, युनियनमध्ये येत नाही.

उत्तर: खुर्ची मिळाली का? हाताखाली माणसं, रजा मंजूर करायचा अधिकार? नाही ना. कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. रोज काय काम केलं ते महिनाभर लिहून काढ आणि प्रमोशनचं पत्र जपून ठेव. ८०० रुपये घे, ते तुझेच आहेत.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही पावत्या लिहायला सांगितल्या. पुस्तक कसलं घ्यायचं, आणि वर्गणी किती?

उत्तर: वर्गणी १९२६ च्या कायद्यात कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला किमान १२ रुपये होती, आणि १९७१ च्या कायद्यात मान्यता हवी तर महिन्याला किमान ५० पैसे. आज चहासुद्धा त्यात येत नाही, तेव्हा महिना वीस-तीस रुपये ठरवा, पण घ्या दर महिन्याला. वर्षाचे एकदम घेतले की माणूस विसरतो आपण सभासद आहोत. पुस्तक मेनरोडला कुठल्याही छापखान्यात करून मिळतं, नंबर दोन्ही भागांवर छापून घ्या, स्थळप्रतीवर सभासदाची सही आणि टोकन नंबर. चुकलेली पावती फाडून टाकू नका, आडवी रेघ मारून तशीच ठेवा, नाहीतर नंबर तुटतो आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. आणि भरलेलं पुस्तक कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवू नका रे बाबांनो. आमचं एक तसंच गेलं होतं, शंभर पावत्यांचं. लॉकरचं कुलूप शाबूत होतं.